पाहुण्यांसाठी उपसलेली विहीर

मार्च लागला की माझं डोकं तापायला लागतं. ऊन हे त्याचं एक कारण, पण किरकोळ. मुलुंडच्या आमच्या सोसायटीसमोरची सावर लाल फुलांनी भरते, कोकीळ दुपारभर ओरडून जीव नकोसा करतो, परीक्षेची पोरं काखेत पॅड धरून रिक्षाच्या रांगेत उभी असतात, आणि ऑफिसात फर्मान निघतं की उरलेला सगळा पैसा महिना संपायच्या आत खर्ची पडलाच पाहिजे. मी विक्रोळीच्या एका कंपनीत हिशेब खात्यात आहे. मार्चमध्ये पैसा कसा धावतो ते मला कुणी शिकवायला नको. वर्षभर एक मोडकी खुर्ची बदलायची तर दहा जणांच्या दाराशी उभं राहावं लागतं, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याच मजल्यावर नव्या खुर्च्यांना ठेवायला जागा उरत नाही. या महिन्यात घाई पैशाला असते. ज्यांना तो खरोखर हवा असतो ती माणसं वर्षभर थांबलेली असतात, त्यांचं कुणाला काही नसतं.

माझं माहेर भांडुपच्या डोंगरावर. डोंगरावर म्हणजे खरोखरच डोंगरावर. रिक्षावाला जिथे हात जोडतो तिथून पुढे पायऱ्या लागतात, आणि त्यातली एक पायरी दुसरीच्या उंचीची नाही. गिरणी बंद पडल्यावर बाबा परळची खोली विकून इथे आले. आजूबाजूला सगळी आमचीच माणसं, कुडाळची, मालवणची, देवगडकडची. घरांच्या वरच्या ओळीतून खाली पाहिलं की सगळ्या मुंबईचं पाणी जिथे गाळून शुद्ध होतं ती जागा दिसते, आणि तिथून निघालेल्या, माणूस आत उभा राहील एवढ्या जाड पाइपलाइनी. त्या शहराकडे जातात. आमच्या डोंगरावरचा नळ सकाळी थोडा वेळ सुस्कारे टाकतो आणि झोपतो, तोही खालच्या ओळीत. वरच्या ओळींना विहीर.

विहीर चाळीच्या आधीची आहे. काळ्या दगडाची, आत उतरायला कातळात खोदलेल्या पायऱ्या, कडेला उंबर. मी लहान असताना तिचं पाणी गोड होतं. आठवणीतलं सगळंच गोड लागतं असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी हे वाक्य सोडून पुढे जावं. पाणी गोड होतं, आणि आम्ही ते न उकळता प्यायचो. पुढे वरच्या अंगाला घरं वाढली, सार्वजनिक संडास झाले, त्यांच्या मागून गटार निघालं, आणि ते कातळावरून उतरता उतरता फुटलं. फुटलेल्या गटाराचं पाणी मुरत मुरत विहिरीत यायला लागलं. ते गटार हलवून नवी लाइन टाकायची तर कातळ फोडावा लागतो. वर्गणी काढून होणारं ते काम नव्हे. अर्ज सगळीकडे करून झाले. कुणी म्हणालं, हे काम आमच्या हद्दीत येत नाही. कुणी म्हणालं, तुमची वस्तीच आमच्या हद्दीत येत नाही. मतांच्या वेळी मात्र आम्ही सगळ्यांच्याच हद्दीत असतो.

ज्या मार्चबद्दल मी बोलते आहे तो तसा फार जुना नाही. माझ्या धाकट्या भावाची, सुहासची मोठी मुलगी प्राची त्या वर्षी दहावीला होती. परीक्षा तोंडावर आली आणि पोरगी जेवणाला बघून तोंड फिरवायला लागली. टेन्शन आलं असेल, असं सगळे म्हणाले. एका रविवारी मी वर गेले, तिला दारात उजेडाला उभी केली आणि खालची पापणी ओढून पाहिली. डोळे हळदीसारखे पिवळे.

त्या दिवसांचे वास अजून माझ्या नाकात आहेत. उसाच्या रसाचा, ग्लुकोजचा, कुणीतरी गावाहून आणून दिलेल्या कडू पाल्याचा, आणि दिवसभर उकळत्या पाण्याच्या वाफेचा. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच, शिवाय शेजारणींनी काविळीची माळ आणून तिच्या गळ्यात घातली. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. एरवी मी असल्या गोष्टींवर भांडते. त्या वेळी गप्प बसले, कारण भांडायचं तर कुणाशी, माळ आणणाऱ्या बाईशी? तिने निदान काहीतरी आणून दिलं होतं. प्राची पिवळ्या डोळ्यांनी पेपर लिहायला गेली आणि तिची आई, वैजू, छत्री घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहिली.

वैजू म्हणजे माझी भावजय. लग्न होऊन आली तेव्हा तिला उंबरठ्यावरून घागर उचलता येत नव्हती, आता ती अख्ख्या ओळीला उचलते. बोलायला फटकळ, कामाला वाघ. त्या दिवशी फाटकाशी ती मला म्हणाली, "ताई, मला बाकी काय नको हो. घर मोठं नको, लादी नको. पोरीनं न घाबरता ग्लासभर पाणी प्यावं, एवढंच पाहिजे." आमच्या मागून पाण्याचा टँकर गेला. तो एका नव्या टॉवरच्या तरणतलावाकडे चालला होता की कुठे, मला माहीत नाही, पण मला तसंच वाटलं आणि माझा तिळपापड झाला.

त्याच सुमारास एका संस्थेचा तरुण, अमेय नाव, डोंगरावर आला. एक मोठी कंपनी वस्त्यांना पिण्याचं पाणी सुधारायला अनुदान देत होती, आणि योग्य वस्ती शोधायचं काम या संस्थेकडे होतं. मुलगा सज्जन होता, बोलायला मऊ. तो म्हणाला, इथलं काम अगदी बसतंय, गटाराची लाइन, विहिरीवर जाळी, औषधाची टाकी, सगळं होईल. फक्त कंपनीच्या मॅडम एकदा पाहून जातील, पाण्याचा नमुना घेतील, मग मार्च संपायच्या आत मंजुरी. अर्जाचा इंग्रजीतला मजकूर मी लिहून दिला. त्यात 'लोकसहभाग' या विषयावर बरंच लिहायचं होतं. लोक स्वतः काय करतात, किती मनापासून करतात. मी भरभरून लिहिलं, कारण ते खरंच होतं.

आणि आता ती गोष्ट, जी ऐकून माझ्या ऑफिसातली माणसं हसतात.

आमच्याकडे शिमग्याला गावची पालखी घरोघर येते. देव दारात येणार म्हणून आधी अंगण सारवायचं, पाणवठा साफ करायचा, वाटेवरचा दगडसुद्धा उचलायचा. मुंबईत पालखी येत नाही, पण शिमग्याच्या तोंडावर विहीर उपसायची रीत बाबांच्या पिढीने डोंगरावरही चालू ठेवली होती. त्या वर्षी पाहणीचा दिवस शिमग्याच्या आधी आला. चाळ कमिटीचे बाबीकाका, वय झालेले पण आवाज खणखणीत, ओळीओळीतून फिरले. "पावणे येवचे आसत आणि हय असलो गाळ? लोकां काय म्हणतली आमका?" झालं. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरायचं असतं, यावर काय चर्चा करायची?

मी त्या दिवशी माहेरीच होते. पंप लावून पाणी काढलं, पायऱ्या संपतात तिथून सुहास आणि चार पोरं दोराने खाली उतरली. घमेल्यामागून घमेलं वर येत होतं, काळा, दुर्गंधी गाळ, त्यात प्लास्टिक, केस, कुणाच्या तरी चपलेचा पट्टा. बायकांनी साखळी धरली होती. नाकाला पदर बांधून वैजू सगळ्यात पुढे. मरोळला रात्रपाळी करून आलेली पोरंसुद्धा न झोपता राबली. विहिरीच्या भिंती चुन्याने घासल्या, ब्लीचिंग पावडर टाकली, ती इतकी की सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. नवं पाणी झऱ्याने हळूहळू भरत आलं तेव्हा तळातला दगड न् दगड दिसत होता. मग काठ धुतला, रांगोळी काढली, रहाटाला आंब्याचं तोरण बांधलं. बाबीकाकांनी नारळ फोडून गाऱ्हाणं घातलं. बारा गावच्या देवांना हाक मारून ते म्हणाले की ह्या लेकरांचा पाणी गोड कर रे महाराजा. सगळ्यांनी मिळून 'व्हय महाराजा' म्हटलं. मी हिशेबातली बाई, पण माझाही आवाज त्यात होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. चांगल्या होत्या, हसऱ्या होत्या, एवढ्या पायऱ्या चढून धापा टाकत होत्या तरी कुरकुर केली नाही. विहिरीत डोकावून म्हणाल्या, "वॉव. इतकी स्वच्छ विहीर मी कुठल्याच वस्तीत पाहिली नाही. किती छान मेंटेन केलंय तुम्ही." वैजूचा चेहरा असा फुलला की बस. तिने कोकम सरबत केलं होतं. मॅडम म्हणाल्या, नको, आत्ताच घेतलंय, आणि पर्समधली स्वतःची बाटली काढून पाणी प्यायल्या. वैजूला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठ्या लोकांची सवय असते, म्हणाली. अमेयने निर्जंतुक बाटलीत पाण्याचा नमुना भरला, बाटलीवर चिठ्ठी लावली, आणि ते सगळे खाली उतरले.

काही दिवसांनी त्याचा मला फोन आला. मी ऑफिसात होते, आजूबाजूला मार्चचा गोंधळ.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. पाण्याचा रिपोर्ट चांगला आलाय. पिण्यायोग्य. त्यामुळे कमिटीचं म्हणणं पडलं की इथे गरज दिसत नाही."

"अहो, आदल्या दिवशी उपसली होती आम्ही विहीर. तुम्ही येणार म्हणून."

"ते मी सांगितलं, ताई. तर ते म्हणाले, लोक स्वतःच साफ करू शकतात ना, मग आपला फंड कशाला? त्यापेक्षा जिथे काहीच होत नाही तिथे देऊ."

मी फोन ठेवला आणि जागेवरून उठले. पाणी प्यायला गेले. आमच्या ऑफिसात प्रत्येक मजल्यावर शुद्ध पाण्याचं यंत्र आहे, थंड आणि साधं. पेला भरला आणि तो माझ्याने पिववेना. लोकसहभाग लिहा म्हणाले, लिहिला. तो डोळ्यांनी दाखवला, तर म्हणे मग तुम्हाला आमची काय गरज. हात हलवले नसते तर म्हणाले असते, यांना काही पडलेलीच नाही. या माणसांनी नेमकं वागायचं तरी कसं? आणि ज्या पाण्याला तुम्ही पिण्यायोग्य म्हणता, ते तुमच्या मॅडमनी पर्समधली बाटली बाजूला ठेवून घोटभर का नाही घेतलं? माझ्या मनातल्या मनात हे भांडण त्या मार्चपासून चालूच आहे. समोरचा माणूस फोन ठेवून कधीच निघून गेला, मी अजून बोलते आहे.

आमची चूक झाली, असं सुहास म्हणतो. ऑफिसातले म्हणतात, किती भोळी माणसं. मला हे दोन्ही शब्द सहन होत नाहीत. पाहुणा येणार म्हणून अंग मोडून दार झाडणं ही चूक कधीपासून झाली? यांच्या घरी कुणी येणार असेल तर हे काय बेसिनमध्ये खरकटी भांडी रचून ठेवतात? सोफ्यावरची चादरसुद्धा बदलतात. मग डोंगरावरच्या माणसानेच आपली घाण जपून, सांभाळून, पाहुण्याला दिसेल अशी मांडून का ठेवायची?

विहीर आठ-पंधरा दिवस छान राहिली. मग गटाराने आपलं काम पुन्हा सुरू केलं. एप्रिलमध्ये पाण्याला वास यायला लागला, पावसाळ्यात तर पिवळट फेस दिसायचा. वैजू एकेक थेंब उकळायची, पण उकळलेलं पाणी घरात असतं आणि तहान घराबाहेर लागते. श्रावणात धाकटी सई, आठ वर्षांची, शाळेतून येता येता विहिरीवर मैत्रिणींबरोबर ओंजळभर पाणी प्यायली. सरकारी दवाखान्यात तिला सलाइन लावलं तेव्हा हात इतका बारीक होता की नर्सला शीर सापडत नव्हती. वैजू खाटेशी बसून होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "ताई, त्यांना परत बोलवा. आता दाखवते मी त्यांना." आम्ही फोन केला. त्या वर्षीचा फंड संपला होता. तो मार्चमध्येच संपतो, हे मला तरी माहीत असायला हवं होतं, असं कुणीतरी म्हणालंही.

सई बरी झाली. पुढच्या मार्चला दुसरी कंपनी आली. अमेयचाच निरोप होता, पण या वेळी त्याने आवाज खाली करून आणखी एक वाक्य जोडलं: "ताई, प्लीज, काही करू नका हं. आहे तसं राहू दे." त्याच्या नोकरीत त्याला जेवढा प्रामाणिकपणा परवडत होता तेवढा त्याने केला, त्याच्यावर माझा राग नाही.

बाबीकाकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ह्या टायमाक कोणी हात लावूचो नाय." त्या वर्षी शिमग्याला विहीर उपसली नाही. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं. पाहणीच्या सकाळी मी पोचले तर वैजू दाराच्या पायरीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. वाटेत भाजीचा कचरा, विहिरीच्या काठाला शेवाळ, उंबराखाली दुधाच्या पिशव्या. खाली पायऱ्यांवर माणसांचे आवाज आले तशी ती उठली. मला वाटलं आता ही झाडू घेणार. तिने पदर सारखा केला आणि परत बसली.

नव्या मॅडमनी विहिरीत डोकावून पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला. बरोबरच्या मुलाने फोटो काढले. त्याला एका मुलीला घागर घेऊन काठावर उभं करायचं होतं. सई पुढे झाली. तो म्हणाला, "जरा सीरियस, बाळा, हसू नकोस." प्राचीने तिला हाताला धरून मागे ओढलं, पण तोवर फोटो निघाला होता. नमुना नापास झाला. अनुदान लगेच मंजूर झालं, महिना संपायच्या आत.

काम चांगलं झालं, हे सांगितलंच पाहिजे. कातळ फोडला, गटार हललं, विहिरीवर जाळी बसली, औषधाची टाकी लागली. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत आमच्या ओळीत कावीळ आली नाही. प्राची आता कॉलेजला जाते, सई कुठेही पाणी पिते आणि तिच्या मागे कुणी ओरडत जात नाही. वैजूला हवं होतं ते मिळालं. मी एकदा तिला तसं म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय. मिळाला." मग तांदळातला एक खडा बाजूला टाकून, "ताई, त्या बाईने नाकाला रुमाल लावला ना, तो डोळ्यांसमोरून जात नाय. माझ्या दारात पावणे इले, आणि मी झाडू नाय मारला."

परवा आमच्या ऑफिसात मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवली. आमच्याही कंपनीचा पैसा कुठल्या कुठल्या वस्त्यांना गेला होता. डावीकडे आधी, उजवीकडे नंतर. डावीकडे प्रत्येक वेळी एक न हसणारं मूल होतं. शेवटी टाळ्या झाल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, किती टचिंग आहे ना. मी उठून बाहेर आले, कारण तिथे थांबले असते तर मी जे बोलले असते त्याने माझी नोकरी गेली असती.

त्याच रविवारी मी माहेरी गेले. ऊन रणरणत होतं. वैजूकडे पलीकडच्या टेकाडावरच्या चाळीतल्या तीन बायका आल्या होत्या. त्यांच्याही पाण्यात गटार येतं, त्यांच्याकडेही आता कुठली तरी कंपनी पाहणीला येणार होती. वैजूने त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. कुणाला भेटायचं, गटाराची लाइन कशी दाखवायची, मागे कुणी लागायचं. बायका हुशार होत्या, बारीकसारीक विचारत होत्या. त्यांच्यातली एक, पोक्त, कपाळावर मोठं कुंकू, उठता उठता म्हणाली, "आणि त्या दिवशी आम्ही सगळा चकाचक करून ठेवतो हां. त्याची काळजी नको. पावण्यांनी नाव ठेवायला नको."

मला वाटत होतं वैजूने हसून मान हलवावी, पाणी मिळो न मिळो, पण झाडू मारू नका असं तिने सांगू नये. मग मला प्राचीचे डोळे आठवले आणि सईचा तो बारीक हात, आणि मला कळेना की मी नक्की काय मागते आहे.

"काय एक करू नकात," वैजू म्हणाली. "जसा आसा तसाच ठेवा. कचरोसुद्धा."

"अगो, पण लोकां घरी येतली..."

"माहीत आसा माका."

ती बाई तिच्याकडे बघत राहिली. दुसरीने तिसरीकडे पाहिलं. मग त्या पोक्त बाईने सावकाश मान हलवली, पदर डोक्यावर घेतला, आणि तिघीही उन्हात पायऱ्या उतरायला लागल्या. शिकून गेल्या.